चौतीस दाते

सायकलीला गिअर कोणी लावावेत, या प्रश्नावर एका फ्रेंच गृहस्थांनी सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी दिलेला निकाल मला अलीकडे वरचेवर आठवतो. हे गृहस्थ म्हणजे आंरी देग्रांज. पॅरिसमधील एका क्रीडाविषयक दैनिकाचे ते संपादक. १९०३ साली त्यांनी 'तूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू केली. ते नुसते लेखणीबहाद्दर नव्हते. १८९३ साली एका तासात ३५ किलोमीटरांहून अधिक अंतर काटून त्यांनी तासाच्या विक्रमांच्या यादीत पहिले नाव आपले लिहून ठेवले होते. अशा अधिकारी पुरुषाने १९०२ साली मत दिले ते असे, की गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे. ज्याच्या पोटऱ्यांत रग आहे त्याने आपल्या स्नायूंच्या जोरावर जिंकावे. यंत्राच्या युक्तीचा आधार घेऊ नये.

हे मत देताना देग्रांज यांचे वय सदतीस होते. त्याच सुमारास फ्रान्समधील सेंत-एतिएन या गावी पोल द व्हिव्ही नावाचे दुसरे एक गृहस्थ 'वेलोसिओ' या टोपणनावाने सायकलीवर लेख लिहीत आणि गिअरचा हिरिरीने कैवार घेत. त्यांचे वय तेव्हा एकोणपन्नास होते. वाचकांनी या दोन आकड्यांकडे लक्ष द्यावे एवढीच माझी विनंती आहे. पुष्कळ वादांत दोन्ही पक्षांच्या जन्मतारखा प्रथम विचारून घेतल्या, तर युक्तिवादाचे निम्मे श्रम वाचतील असे मला वाटते.

देग्रांज यांनी आपला हट्ट चांगला तीस-पस्तीस वर्षे चालवला. साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलणारे जे यंत्र, ज्याला फ्रेंच भाषेतूनच आलेले 'डिरेलर' हे नाव आजही चालते, त्याला त्यांच्या शर्यतीत प्रमुख स्पर्धकांपुरती बंदी होती. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एक एक दातेरी चक्र बसवायचे, डोंगराच्या पायथ्याशी आल्यावर खाली उतरायचे, चाक सोडवून उलटे बसवायचे आणि पुन्हा स्वार व्हायचे, असा प्रकार आल्प्स पर्वताच्या थंडीत बोटे बधिर झालेले ते वीर करीत असत. १९३६ साली प्रकृतीच्या कारणाने देग्रांज यांनी सूत्रे खाली ठेवली, आणि १९३७ साली डिरेलरला परवानगी मिळाली. त्या वर्षीचा विजेता रोजे लापेबी हा डिरेलर वापरूनच जिंकला. त्याचे वय सव्वीस होते. म्हणजे पंचेचाळिशीचा नियम पहिल्याच वर्षी मोडला!

माझे वय चौपन्न आहे. देग्रांज यांच्या नियमाप्रमाणे गिअर वापरण्याचा माझा हक्क नऊ वर्षांपूर्वीच सिद्ध झालेला आहे. तेव्हा गेल्या वर्षी माझ्या सायकलीचे जुने गिअर व ब्रेक काढून मी त्या जागी नवा, वरच्या प्रतीचा संच बसवला, आणि एक पावसाळा व एक हिवाळा त्याची कसून परीक्षा घेतली, याबद्दल कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. त्या परीक्षेचा निकाल जाहीर करण्यासाठी हा लेख आहे. माझा व्यवसाय उत्तरपत्रिका तपासण्याचा असल्यामुळे गुण देताना हात आखडता घेण्याची मला सवय आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.

प्रथम हा खटाटोप का केला ते सांगितले पाहिजे. पुण्यात राहणाऱ्या सायकलस्वाराला सिंहगड हा चुकत नाही. गोळेवाडीपासून वर गाडीतळापर्यंत सुमारे ९ किलोमीटरांचा रस्ता आहे आणि तेवढ्यात सुमारे ६०० मीटरांची उंची चढावी लागते. गेली अकरा वर्षे महिन्यातून दोनदा तरी मी ती वाट चढत आलो. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याने तक्रार सुरू केली. गडावरून आल्यानंतरच्या सोमवारी कॉलेजचा जिना चढताना मी कठडा धरू लागलो, आणि माझ्या मागून येणारी मुले आपली पावले अदबीने सावकाश टाकू लागली. विद्यार्थ्यांचा आदर कोणाला नको असतो? पण जिन्यावर मिळणारा आदर फार झोंबतो. डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला, छायाचित्र काढवले आणि म्हणाले, "सर, झीज वयाप्रमाणे आहे. घाबरण्यासारखे काही नाही. पण एक तर चढण सोडा, नाही तर चढण्याची रीत बदला." पहिला पर्याय मला नको होता. म्हणून दुसऱ्याचा विचार करणे प्राप्त झाले.

ज्या वाचकांनी गिअरची सायकल दुरूनच पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. पायडलापाशी जे दातेरी चक्र असते त्याचे दाते आणि मागच्या चाकाच्या तुंब्यावर असलेल्या चक्राचे दाते, यांचे जे प्रमाण तोच गिअर. माझ्या वडिलांच्या काळ्या, भारदस्त सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते होते. पायडलाचा एक फेरा केला की मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे फिरे. ते प्रमाण चढावर, उतारावर, वाऱ्यात, पावसात एकच. माझ्या सायकलीला पुढे दोन चक्रे आहेत, ५० आणि ३४ दात्यांची; ती नव्या संचातही तेवढ्याच दात्यांची राहिली. मागे पूर्वी आठ चक्रे होती आणि त्यांतील सर्वांत मोठे २८ दात्यांचे होते. आता अकरा आहेत आणि सर्वांत मोठे ३४ दात्यांचे आहे. पुढे ३४, मागे ३४. पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, म्हणजेच रस्त्यावर सुमारे २.१ मीटर. पूर्वी सर्वांत हलक्या गिअरमध्येही एका फेऱ्याला सुमारे २.५५ मीटर पुढे जावेच लागे.

यात फुकट काही मिळत नाही. यंत्रशास्त्राचा हिशेबनीस मोठा कडवा आहे. एका खात्यात जमा केली की दुसऱ्या खात्यात तेवढीच नावे मांडतो. त्याच चढावर पायाला लावावा लागणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाला खरा; पण सर्व ९ किलोमीटर त्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये चढायचे म्हटले, तर पूर्वी साधारण ३५०० फेरे लागत, तेथे आता ४३०० च्या घरात लागतात. कामाची बेरीज तीच राहिली, हप्ते मात्र लहान झाले. संसारी वाचकांना याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याने घराचे कर्ज फेडले आहे त्याला लहान हप्त्याची किंमत ठाऊक असते.

संच निवडला तो शिमानो या जपानी कंपनीचा, '१०५' या नावाचा. ओसाकाजवळच्या साकाई या गावी १९२१ साली ही कंपनी सुरू झाली. ते गाव पूर्वीपासून बंदुका आणि चाकूसुऱ्या घडवणाऱ्या कारागिरांचे. कंपनीचा पहिला माल म्हणजे सायकलीचे फ्रीव्हील. मी घेतलेली मालिका २०१८ साली निघालेली, आर ७००० या क्रमांकाची. शर्यतीच्या संचांमध्ये ती मधल्या प्रतीची समजली जाते. तिच्या वरच्या प्रतींत वजनाचे काही ग्रॅम वाचतात आणि त्या ग्रॅमांसाठी पुष्कळ रुपये मोजावे लागतात. माझ्या स्वतःच्या अंगावर वाचवण्याजोगे ग्रॅम विपुल असल्यामुळे तो खर्च मला अप्रस्तुत वाटला.

तरीही बिल लहान झाले नाही. शहरातील एका चकचकीत दुकानात मला सांगण्यात आले की, जुन्या तुंब्यावर अकरा चक्रे बसणार नाहीत, तेव्हा चाकांची जोडीही नवी घ्यावी लागेल. हे सामान्यतः खरे आहे; रस्त्यावरच्या सायकलींची अकरा चक्रांची कॅसेट आठ चक्रांच्या तुंब्यापेक्षा किंचित रुंद असते. पण माझ्या ओळखीचे एक कारागीर आहेत. त्यांचे दुकान म्हणजे एका वाड्याच्या तोंडाशी असलेली आठ फूट रुंदीची खोली. ते म्हणाले, "सर, अकरा ते चौतीस दात्यांची जी कॅसेट येते ना, तिचे मोठे चक्र आतल्या बाजूला आऱ्यांवर थोडे झुकते केलेले असते. ती जुन्या तुंब्यावर बसते. चाके कशाला टाकता?" त्यांनी ती बसवून दाखवली, आणि माझे चाकांचे पैसे वाचले. तरी उरलेल्या खर्चाचा आकडा सायकलीच्या मूळ किमतीच्या जवळपास गेला. घरी हिशेब पाहून सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "अहो, सायकलीच्या किमतीचे पैसे सायकलीत घातलेत, तर आता दोन सायकली दिसायला हव्यात. दुसरी कुठे आहे?" या प्रश्नाचे समर्पक उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.

आता गुणदोष. आधी सपाट रस्त्याचे सांगतो, कारण तेथे निराशा होण्याचा संभव आहे. मागच्या जुन्या आठ चक्रांचे दाते ११, १३, १५, १७, १९, २१, २४ व २८ असे होते. नव्या अकरांचे ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३० व ३४ असे आहेत. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिले सहा आकडे तंतोतंत तेच आहेत. तेव्हा कर्वे रस्त्यावरून नळ स्टॉपकडे जाताना मला नव्या संचाने एकही नवा गिअर दिलेला नाही. जी भर पडली ती सगळी चढाच्या बाजूला पडली. ज्याला डोंगराशी कर्तव्य नाही त्याने या बाबतीत आपला खिसा जपावा, असे मी निःसंकोच सांगतो.

सपाटीवर जो फरक पडला तो गिअर बदलण्याच्या क्रियेत. पूर्वीच्या काळी गिअरचे दांडे सायकलीच्या खालच्या नळीवर असत. ते हलवण्यासाठी हँडलावरचा एक हात सोडावा लागे आणि साखळी नेमकी कोठे बसली ते कानाने ओळखावे लागे. १९८४ साली शिमानोने वरच्या प्रतीच्या संचात टप्प्याटप्प्याने 'खट्' असा आवाज होऊन बदलणारे गिअर आणले आणि १९९० साली गिअर व ब्रेक यांची मूठ एकच केली. त्यामुळे हात ब्रेकवर ठेवूनच गिअर बदलता येऊ लागला. ही सोय माझ्या जुन्या संचातही होती. तथापि तेथे बोटाने मूठ ढकलल्यावर साखळी थोडा विचार करी, कुरकुरे आणि मग जाई. नव्या संचात ती सांगितल्याबरोबर जाते. पुढच्या मोठ्या चक्रावर साखळी चढवण्यासाठी पूर्वी अंगठ्याच्या मुळापासून जोर लावावा लागे, तेथे आता मधल्या बोटाचा दाब पुरतो. विशीतल्या वाचकाला हा फरक क्षुल्लक वाटेल. ज्याला खडू धरून धरून बोटांचे सांधे सकाळी आखडलेले आढळतात त्याला तो वाटणार नाही.

आता चढ. सिंहगडाच्या वाटेवर मध्यावरच्या पुढे काही वळणे अशी आहेत की, तेथे रस्ता एकदम अंगावर येतो. जुन्या गिअरवर तेथे माझ्या पायडलाची गती मिनिटाला चाळीस फेऱ्यांपर्यंत उतरे. बैठक सोडून पायडलावर उभे राहावे लागे आणि प्रत्येक फेऱ्याला शरीराचा सारा भार एका गुडघ्यावर तोलला जाई. नव्या गिअरवर मी बसूनच पंचावन्नाच्या आसपास फेरे करीत राहतो. गुडघ्याला पाण्याच्या रहाटासारखे एकसारखे फिरायचे असते. त्याच्याकडून पहारीचे काम घेतले की तो कुरकुरतो.

आणि वेळ? येथे नव्या संचाची जाहिरात करणाऱ्यांना मी निराश करणार आहे. जुन्या संचावरच्या माझ्या शेवटच्या सहा चढणींची सरासरी एक तास चौदा मिनिटे होती. नव्या संचावरच्या पहिल्या सहांची एक तास बारा मिनिटे आहे. दोन मिनिटे तर थंड हवेनेही मिळतात. घड्याळाच्या दृष्टीने मी पैसे पाण्यात घातले. परंतु वर पोहोचल्यावर पूर्वी मी दहा मिनिटे बोलू शकत नसे. आता पिठले-भाकरी सांगतो, दह्याचे मडके निवडतो, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी राजकारणावर वादही घालू शकतो. मुख्य कसोटी सोमवारची. गेल्या नोव्हेंबरपासून मी कॉलेजच्या जिन्याचा कठडा धरलेला नाही. मागून येणारी मुले पुन्हा मला ओलांडून धावत जाऊ लागली आहेत. त्या धक्काबुक्कीत किती समाधान आहे, हे त्यांना कसे कळावे!

माझे एक वडीलधारे सहाध्यापक आहेत. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षे झाली. त्यांचा या सर्व प्रकाराला तात्त्विक विरोध आहे. एके दिवशी संध्याकाळी ते मला म्हणाले, "अहो, आमच्या वेळी चढ लागला की आम्ही सरळ खाली उतरत असू आणि सायकल हाती धरून चालत असू. त्यात कमीपणा वाटत नसे. तुमचे गिअर म्हणजे उतरायची लाज वाटणाऱ्यांसाठी केलेली तरतूद! गड तुम्ही चढलात की तुमच्या त्या चौतीस दात्यांनी?"

मी म्हटले, "आपण उतरून चालत होता, म्हणजे आपल्याकडेही दोन गिअर होते. एक सायकलीचा आणि एक वहाणांचा. मी त्या दोहोंच्या मध्ये आणखी थोडे बसवले आहेत, एवढेच."

ते हसले, पण त्यांचा मूळ प्रश्न विनोदाने उडवण्यासारखा नाही हे मला ठाऊक आहे. साधनाने साध्य हलके होते काय, ही शंका जुनी आहे. मला वाटते, तिचे उत्तर त्या साधनाच्या स्वभावावर अवलंबून असते. विजेची मोटर बसवलेली सायकल मला वर नेईल तेव्हा त्या कामाचा काही भाग मी केलेला नसेल. तो बॅटरीने केलेला असेल. ज्याला त्याची गरज आहे त्याने ती खुशाल वापरावी. पण गिअर स्वतःचे काहीच घालत नाही. माझ्या देहाचे आणि सायकलीचे ओझे ६०० मीटर वर नेण्यास जेवढे श्रम लागतात तेवढे सगळे माझ्याच पायांतून जातात. एक कणही कमी होत नाही. चश्मा डोळ्यांऐवजी पाहत नाही, डोळ्यांना पाहू देतो, तसेच हे आहे. देग्रांज यांच्या पंचेचाळिशीच्या टोमण्यात म्हणूनच मला आता उपहासापेक्षा नेमकेपणा अधिक दिसतो. तरुणपणी बळ इतके असते की त्याची वाटणी कशी करावी हा प्रश्नच पडत नाही. शिल्लक कमी होऊ लागली म्हणजे माणूस हिशेबाची वही आणतो.

ब्रेकांविषयी मात्र मला अधिक गंभीरपणे लिहिले पाहिजे, कारण चढण न जमल्यास माणूस फार तर घरी परत येतो. उतरण न जमल्यास तो परत येईलच असे नाही.

सायकलीचा ब्रेक सायकल थांबवतो असे आपण म्हणतो. खरे पाहता सायकल थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाने. ब्रेकचे काम चाकाची गती काढून तिची उष्णता करण्याचे. ९ किलोमीटरांच्या उतारावर ही उष्णता एवढी साठते की, खाली आल्यावर रिमला हात लावला तर चटका बसावा. शिवाय वेग कमी होताना शरीराचा भार पुढे झुकतो, त्यामुळे पुढच्या चाकाची पकड वाढते आणि मागच्याची सुटू लागते. म्हणून खरे काम पुढच्या ब्रेकचे. तो एकदम आवळला तर मागचे चाक उचलले जाण्याची भीती, आणि हळू आवळला तर वळण हुकण्याची. चांगल्या ब्रेकचे लक्षण नुसता जोर हे नाही. बोटाने जेवढे मागितले तेवढेच त्याने दिले पाहिजे.

माझ्या जुन्या ब्रेकांचे बाहू बारीक होते. मूठ आवळली की आधी ते स्वतःच वाकत आणि मग त्यांचे रबर रिमला भिडे. उतारावर चारही बोटांनी मूठ दाबून धरावी लागे. दोनदा वाटेत थांबून हात झटकले नाहीत, तर पायथ्याशी येईपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत कळ लागे. नव्या ब्रेकांचे दोन्ही बाहू आपापल्या खिळ्यावर फिरतात, आखूड आणि जाड आहेत, आणि मुठीवर दोन बोटे ठेवली की पुरते. गेल्या डिसेंबरातली एक गोष्ट सांगतो. उतरताना एका डावीकडच्या वळणावर मी आलो, तो समोर आठनऊ वर्षांची एक मुलगी डोक्यावर बोरांची टोपली घेऊन रस्ता ओलांडत होती. मी दोन बोटे आवळली. सायकल सरळ राहिली, चाक घसरले नाही, आणि तिच्यापासून चार हात अंतरावर मी उभा राहिलो. मुलीने माझ्याकडे पाहिले, टोपली सावरली आणि ती चालू लागली. काही घडले असे तिला वाटलेच नाही. तसे ते घडलेही नव्हते. परंतु मी कडेला होऊन पाच मिनिटे दगडावर बसलो होतो. आणि बिलाच्या आकड्याविषयी माझ्या मनात जी थोडी खळखळ शिल्लक होती ती त्या दगडावरच राहिली.

त्याबरोबरच एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. चांगले ब्रेक बसवल्यावर माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो अधिक वेगाने उतरण्याचा. तो मोह आवरला नाही, तर ब्रेक चांगले करण्याचा सारा लाभ वेगात विरून जातो. घराचा विमा उतरवला म्हणून कोणी देवघरात फटाके उडवीत नाही. मी माझा उतरण्याचा वेग पूर्वीचाच ठेवला आहे. जे काही सुधारले ते हातात राखीव राहू दिले आहे.

उणिवाही नमूद करतो. रिमला भिडणारे ब्रेक, मग ते कोणत्याही कंपनीचे असोत, पावसात लगेच धरत नाहीत. पहिला एखाददुसरा फेरा रिमवरचे पाणी पुसण्यातच जातो. आषाढात खडकवासल्याकडून येताना हे ध्यानी ठेवावेच लागते. डिस्क ब्रेकना हा दोष फारच थोडा बाधतो. २०१८ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने रस्त्यावरील शर्यतींत त्यांना कायमची मान्यता दिली, आणि तेव्हापासून वारे त्याच दिशेने वाहत आहे. १०५ या नावाचाच पुढला संच २०२२ साली निघाला तो १२ चक्रांचा, आणि त्याचे ब्रेक फक्त डिस्कचे. प्रथम तो विजेवर गिअर बदलणारा आला, पुढल्या वर्षी तारेवर चालणाराही आला. रिमच्या ब्रेकला मात्र त्यात जागा नाही. माझ्या सायकलीच्या सांगाड्यावर डिस्क बसवण्याची सोयच नाही. म्हणजे मी जो 'नवा' संच घेतला तो आपल्या वंशातला शेवटचा आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही. जगाने वापरून, घासून, दोष काढून मग बाजूला ठेवलेली वस्तू अनेकदा फार भरवशाची असते.

दुसरी उणीव साखळीची. आठ चक्रांची साखळी ७ मिलिमीटरांहून थोडी अधिक रुंद असते. अकरांची साडेपाचच्या आसपास. जागा तेवढीच आणि चक्रे अधिक, म्हणून सगळेच निमुळते. त्यामुळे तारेचा ताण किंचित बिघडला तरी साखळी दोन चक्रांच्या मध्ये घुटमळते, आणि चिखल, धूळ तिला मुळीच खपत नाही. दर पंधरा दिवसांनी मी ती पुसतो व तेल देतो. वडिलांची सायकल पावसाळाभर अंगणात उभी राही आणि दसऱ्याला तेलाचे चार थेंब मिळाले तरी तक्रार करीत नसे. वाटेत बिघडली तर कोणत्याही गावचा लोहार ती दुरुस्त करी. असा गरीब स्वभाव या नव्या संचात नाही. सोय जितकी बारीक, तितकी तिची बडदास्त अधिक, हा व्यवहार मान्य असेल त्यानेच या वाटेला जावे.

एकूण गुण द्यायचे तर सपाट रस्त्यासाठी मी या संचाला शंभरांत पंचावन्न देईन, चढासाठी ऐंशी आणि कोरड्या रस्त्यावरच्या ब्रेकांसाठी नव्वद. आमच्या विद्यापीठात नव्वद गुण देणाऱ्या परीक्षकाकडे संशयाने पाहतात. पण त्या परीक्षकांच्या उत्तरपत्रिकेवर आठ वर्षांची मुलगी बोरे घेऊन रस्ता ओलांडत नसते.

काढलेला जुना संच मी माझ्या एका विद्यार्थ्याला दिला. त्याच्या सायकलीला मागे सातच चक्रे होती आणि तीही झिजलेली. त्याने तो हातात फिरवून पाहिला व विचारले, "सर, हा तर चांगला आहे. बदलला कशाला?" मी म्हटले, "चांगलाच आहे. तुझे गुडघे वीस वर्षांचे आहेत. तुला तो पुष्कळ दिवस पुरेल." तो आता त्या २८ दात्यांवर गड चढतो, आणि वाटेत मला गाठले की "सर, पुढे जाऊ का?" असे विचारून पुढे जातो. माझ्या मागच्या चाकावर चौतिसाहून मोठे चक्र बसत नाही. या डिरेलरची तेवढीच ताकद आहे, हे मी कारागिरांना विचारून ठेवले आहे. तेही कधीतरी अपुरे पडेल. तेव्हा मी आमच्या वडीलधाऱ्या सहाध्यापकांचा गिअर लावीन. गोळेवाडीला खाली उतरेन आणि सायकल हाती धरून चालू लागेन. पहाटे थोडे लवकर निघावे लागेल, इतकेच.